थांबलेल्या पंख्याची बचत

मार्च लागला की काटोल-नरखेडच्या गॅरेजांमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो. पिकअप किंवा जुनी जीप गरम व्हायला लागलेली असते, मालक वैतागलेला असतो, आणि मिस्त्री बॉनेटवर कोपर टेकवून सांगतो, ‘पट्ट्याचा पंखा काढून टाका ना जी, करंटचा लावा. गाडी गरम नाही होत, अन् अ‍ॅव्हरेज बी वाढते.’ भंगारातला एखाद्या छोट्या मोटारीचा पंखा निघतो, दोन पट्ट्या वेल्डिंग होतात, डॅशबोर्डवर एक बटण बसतं. हा सल्ला आता फक्त मिस्त्र्यांचा राहिलेला नाही. अभियांत्रिकी शिकलेली मंडळीही तोच देतात, आणि वर कारण जोडतात: पट्ट्याचा पंखा इंजिनची ताकद खातो, विजेचा खात नाही.

वादाच्या आपल्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा. पट्ट्याचा पंखा क्रँकच्या पुलीला बांधलेला असतो. इंजिन फिरतं तोवर तोही फिरतो, गरज असो वा नसो. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने समोरून भरपूर वारा येत असताना तो उगाच फिरतो. थंडीत पहाटे इंजिन गरम व्हायला हवं तेव्हाही फिरतो. उलट ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते, इंजिन आठशे फेऱ्यांवर असतं, तेव्हा हाच पंखा आळशासारखा हलतो. विजेच्या पंख्याचं तसं नाही. इंजिनचे फेरे कितीही असोत, तो आपल्या पूर्ण वेगाने हवा ओढतो आणि काम झालं की थांबतो. यातलं बहुतेक खरं आहे. चूक आहे ती यातून काढलेल्या निष्कर्षात, आणि काटोलच्या रस्त्यांवर ती चूक महागात पडते.

‘विजेचा पंखा इंजिनची ताकद खात नाही’ हे वाक्य आधी बाजूला काढू. बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. गाडी चालू असताना पंख्याची वीज अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर फिरतो त्याच पट्ट्यावर. पंखा १४ व्होल्टला २५ अँपिअर घेत असेल तर ती झाली ३५० वॅट. साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता पंचावन्न-साठ टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे तेवढ्या विजेसाठी इंजिनला सहाशेच्या वर वॅट द्यावे लागतात. पुढे पंख्याची मोटरही आपला वाटा घेते. ३५० पैकी सव्वादोनशे-अडीचशे वॅटच पात्यांपर्यंत पोचतात. थेट पट्ट्यावरच्या पंख्याला पात्यांवर तेवढीच ताकद पोचवायला इंजिनकडून त्याहून थोडीच जास्त लागते, कारण चांगल्या ताणातला पट्टा वाटेत फार कमी गमावतो. म्हणजे दोन्ही पंखे सारखीच हवा ओढत असतील तर विजेचा पंखा इंजिनला जवळजवळ अडीचपट महाग पडतो.

मग लोकांना अ‍ॅव्हरेज वाढल्याचा अनुभव येतो तो खोटा का? नाही. ती बचत पंखा विजेवर चालतो म्हणून होत नाही, पंखा थांबतो म्हणून होते. आणि थांबणं किती मोलाचं आहे हे पंख्याच्या एका नियमात दडलेलं आहे. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट होते, पण लागणारी ताकद आठपट होते. समजा, एक पक्का बसवलेला पंखा १,५०० फेऱ्यांना एक तृतीयांश अश्वशक्ती घेतो. तोच ३,००० फेऱ्यांना अडीच अश्वशक्तीच्या वर घेईल आणि ४,००० ला सहाच्या पुढे जाईल. रिकामी जीप महामार्गावर पळवताना हा खर्च निव्वळ वाया जातो. तेव्हा विजेचा पंखा बंद असतो, म्हणून वाचतं. थोडक्यात, सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो: तुमच्या गाडीला दिवसातून किती वेळ पंखा लागतच नाही?

नागपूरला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या माणसाला बराच वेळ लागत नाही. पण काटोलची पिकअप दिवसभर काय करते ते पाहा. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निघतात, म्हणजे ऊन चढत जातं तसा माल वाढत जातो. बागेतून भरलेले क्रेट घेऊन गाडी पांधणीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर येते. मग डांबरी रस्ता, मग काटोलची बाजार समिती किंवा थेट नागपूरचं कळमना. मुलताईकडचा माल असेल तर सातपुड्याचे चढउतार. माल धरून गाडी तीन टनांच्या घरात जाते. अशा गाडीच्या पंख्याला सुट्टी मिळते कुठे? आणि जो पंखा जवळजवळ सतत लागतो, त्याच्या बाबतीत बचतीचं गणित उलटं फिरतं.

आता उष्णतेचा हिशेब. डिझेल इंजिनात जाळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, पाव भागाच्या थोडी वर कूलंटमध्ये उतरते आणि उरलेली मुख्यतः धुरातून निघून जाते. साठ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावत असेल तर कूलंटमध्ये सुमारे ३५ किलोवॅट उष्णता उतरते. दोन-दोन किलोवॅटचे सतरा गिझर एकदम लावल्यासारखी ती उष्णता असते, आणि ती रेडिएटरच्या जाळीतून अखंड बाहेर काढावी लागते. रेडिएटरमधून जाताना हवा पंचवीस अंशांनी तापते असं धरलं, तर त्यासाठी सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास हवा हवी. चढावर गाडी तीस-चाळीसच्या वेगाने जात असते. त्या वेगाचा वारा ग्रिल, जाळी आणि इंजिनचा अडथळा ओलांडून यातला थोडाच भाग पुरवतो. बाकीचा पंख्याने ओढायचा.

इथे पट्ट्याच्या पंख्याची ती हिणवली गेलेली खोड कामाला येते. खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर असतं, म्हणून पंखाही तेवढ्याच जोमात असतो. इंजिन सर्वांत जास्त तापतं त्याच घटकेला तो सर्वांत जास्त हवा ओढतो, आणि त्यासाठी त्याला कुणी सांगावं लागत नाही. विजेच्या पंख्याची कमाल मोटरच्या वॅटवर ठरलेली असते. चढ असो की सपाटी, त्याच्यापलीकडे तो जाऊ शकत नाही.

आणि ट्रॅफिकमध्ये? पूर्वपक्षाचा हा सर्वांत लोकप्रिय मुद्दा डिझेलच्या बाबतीत पुरता लटका आहे. उभं असलेलं अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर इंधन पितं. त्यातून कूलंटमध्ये दोन-अडीच किलोवॅट उष्णता उतरते, म्हणजे चढावरच्या उष्णतेचा पंधरावा हिस्सा. तेवढ्यासाठी पट्ट्याचा पंखा आठशे फेऱ्यांवरही पुरतो. भरल्या चढावर न तापणारी डिझेल गाडी उभी असताना तापत असेल, तर खोट दुसरीकडे आहे असं समजावं. एसी चालू असेल तर गोष्ट वेगळी. समोरचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरवर ओततो आणि उभ्या गाडीत त्यालाही वारा लागतो. म्हणूनच पट्ट्याच्या पंख्याच्या कित्येक एसी गाड्यांना कंपनीनेच समोर एक जादा विजेचा पंखा दिलेला असतो. तो पट्ट्याच्या पंख्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही.

आपल्याकडचा उन्हाळा या हिशेबात किती फरक पाडतो, हे दाखवून देण्यासारखं आहे. रेडिएटर उष्णता किती टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरात हवा २५ अंशांवर आणि कूलंट ९५ वर असेल तर फरक ७० चा. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नवलाचं नाही. तेव्हा फरक उरतो ५०. तोच रेडिएटर, तोच पंखा, तीच हवा, पण क्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटलेली. शिवाय डांबरावरची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा जास्तच तापलेली असते. पुण्या-मुंबईच्या हवेत किंवा थंड मुलखातल्या हौशी मोटारवाल्यांच्या हातून यशस्वी झालेला प्रयोग काटोलला तसाच उचलून आणता येत नाही, तो यामुळे.

भंगारातल्या पंख्याची दशा तर आणखी बिकट. मारुती ८०० चा पंखा लावला, ‘कंपनीचा आहे’ म्हणून मालक खूश. ती गाडी ७९६ सीसीची, चाळिशीच्या आतल्या अश्वशक्तीची आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची. तिचा पंखा तिच्या कामाला पुरेसा आहे. तीन टनांची गाडी चढवायला तो केलेलाच नाही. त्यातून तो बसवतात कसा, तेही पाहण्यासारखं. पिकअपच्या रेडिएटरची जाळी समजा ४५ सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटर. चौदा इंची पंख्याचा घेर तिच्या जेमतेम ४४ टक्के भागावर येतो. मूळ पंख्याभोवती पूर्ण जाळीतून हवा ओढायला लावणारं आवरण असतं, ते बहुधा ‘मधे येतं’ म्हणून काढून टाकलेलं असतं. मग पंखा आपल्या समोरच्या वर्तुळातून हवा ओढतो आणि चारी कोपरे नुसते तापत बसतात. काही ठिकाणी पंखा जाळीतूनच आरपार प्लास्टिकच्या खिळ्यांनी टाचलेला दिसतो. खराब रस्त्यावर तो हलतो, खिळे नळ्यांना घासतात, आणि सहा महिन्यांनी रेडिएटर नेमका तिथेच गळू लागतो. दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो. याची परीक्षा सोपी: पंखा चालू करून ग्रिलसमोर वहीचा कागद धरावा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

तारेचा मुद्दा कुणीच काढत नाही, म्हणून मी काढतो. बॅटरीपासून पंख्यापर्यंत आणि परत मिळून पाच मीटर तार लागली, आणि ती दीड चौरस मिलिमीटरची असली, तर २५ अँपिअरला वाटेतच दीड व्होल्टच्या आसपास गळतो. तार तापते आणि पंखा दहा-अकरा टक्क्यांनी मंदावतो. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते. रिले न घालता प्रवाह थेट डॅशबोर्डच्या बटणातून नेला की बटण वितळतं. जुन्या जीपचा अल्टरनेटर पस्तीस-चाळीस अँपिअरचा. रात्री हेडलाइटला आठ-नऊ अँपिअर, पावसात वायपर, वर पंख्याचे पंचवीस. इंजिन मंद फिरत असताना तो अल्टरनेटर आपल्या आकड्याच्या निम्मंही धड देत नाही. बॅटरी उतरते, आणि दोष बॅटरीवाल्याच्या माथी. राहिलं ते बटण. ते चालू करायला ड्रायव्हरने काटा पाहायचा असतो. संत्र्याचा भाव पडलाय आणि मोबाइल वाजतोय, तेव्हा काटा कोण पाहतो?

विजेच्या पंख्याचे कैवारी आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतात. पट्टा तुटला तरी पंखा चालूच राहतो! या युक्तिवादावर हसावं की रडावं कळत नाही. जुन्या जीप-पिकअपच्या बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो आणि अल्टरनेटरही. पट्टा तुटला की कूलंट फिरायचं थांबतं. रेडिएटरसमोर पंखा कितीही जोरात घोंघावला तरी इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत येणारच नाही. उलट पंखा चालू आहे म्हणून ड्रायव्हर निर्धास्त राहतो आणि हेड गॅस्केट उडेपर्यंत गाडी हाकतो.

आता थंडीतल्या ‘अतिथंडाव्या’चा आरोप. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारी वाट थर्मोस्टॅट बंद ठेवतो. साधारण ८२ अंशांना तो उघडू लागतो. तोवर पंखा कितीही फिरला तरी तो रेडिएटरमधल्या उभ्या पाण्यालाच थंड करतो, इंजिनला नाही. गाडी पहाटे गरमच होत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे, किंवा तो जागेवरच नाही. दुसरी शक्यता आपल्याकडे फार. ‘उन्हाळ्यात वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाका’ हा सल्ला पंख्याच्या सल्ल्याचा थोरला भाऊ आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो, त्यांत तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम इंजिनात परततं. म्हणजे थंडीत इंजिन गार पडतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं, आणि उन्हाळ्यात भरल्या चढावर तापतं. मग पुन्हा बोलणी खातो पंखाच.

‘पण आज सगळ्या नव्या मोटारींना विजेचाच पंखा असतो ना?’ असतो, पण त्याचं मूळ कारण वेगळं आहे. इंजिन गाडीत आडवं बसवलं की त्याची पुली गाडीच्या बाजूला येते आणि समोरच्या रेडिएटरपुढच्या पंख्याला पट्टा पोचवणं अवघड होतं. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत यावर तोड म्हणून रेडिएटरच बाजूला नेऊन इंजिनच्या पंख्यासमोर ठेवला होता. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रेडिएटर समोर राहिला आणि पंखा विजेचा झाला. पुढे आडव्या इंजिनाच्या बहुतेक मोटारी त्याच वाटेने गेल्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० त्याच कुळातली. आजच्या मोठ्या, उभ्या इंजिनाच्या महागड्या मोटारींतही विजेचे पंखे आहेत, पण ते पाचशे वॅटच्या पुढचे असतात, त्यांच्यामागे दीड-दोनशे अँपिअरचा अल्टरनेटर आणि वेग कमी-जास्त करणारा संगणक असतो. त्या गाड्यांचं नाव घेऊन भंगारातल्या मोटरीचं समर्थन करता येत नाही.

विजेचा पंखा कुठे शोभतो हेही सांगून टाकतो, नाहीतर मी पट्ट्याचा भक्त ठरेन. लग्नसराईत जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसिडर फुलांनी मढवून वरातीत निघते. पेट्रोल इंजिन, बँडच्या चालीने अर्धा-पाऊण तास सरकणं, समोरून वारा शून्य, शिवाय ग्रिलवर झेंडूच्या माळा. पेट्रोलचं इंजिन उभ्या जागी डिझेलपेक्षा जास्त तापतं, आणि त्याच्या मंद फेऱ्यांवर पट्ट्याचा पंखा खरोखर उणा पडतो. अशा गाडीला नीट मोजमापाचा, आवरणासकट, रिले आणि तापमानाच्या स्विचसकट विजेचा पंखा लावणारा माणूस शहाणाच. पुराच्या नाल्यातून गाडी काढणाऱ्यालाही पंखा थांबवता येणं उपयोगाचं. जुने जीपवाले पाण्यात शिरण्यापूर्वी फॅन बेल्ट सैल करत, ते याचसाठी. आणि पक्क्या लोखंडी पात्यांची जुनी जीप बहुतेक वेळ रिकामी आणि सपाट रस्त्यावरच पळत असेल, तर बचतीचा दावा मला मान्य आहे.

पण बचत थांबण्यातच असेल, तर थांबणं पट्ट्याच्या पंख्यालाही येतं. प्यूजोने १९६० च्या दशकातल्या ४०४ या मोटारीत पट्ट्याच्या पंख्याला विद्युतचुंबकी क्लच दिला होता. पाणी तापेपर्यंत पंखा मोकळा. (ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये आलेली डिझेल इंजिनं याच प्यूजोच्या परवान्याखाली बनत. पंख्याचा क्लच मात्र सोबत आला नाही.) आज ट्रकमध्ये आणि बऱ्याच उभ्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये जो असतो तो व्हिस्कस क्लच, आपल्या बाजारातला ‘सिलिकॉन फॅन’. पंख्याच्या मध्यभागी ताटलीसारखा ॲल्युमिनियमचा गड्डा असतो. त्यात दाट सिलिकॉन तेल असतं आणि समोर दोन धातूंची एक छोटी गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी वळते, झडप उघडते, तेल खाचांमध्ये जातं आणि पंखा पट्ट्याला धरतो. हवा निवली की तेल परत जातं आणि पंखा सुटून हळूहळू फिरत राहतो. घसरण्यात थोडी ताकद जाते हे खरं. पण पाणी तापलेलं असताना थेट पट्ट्याची जवळजवळ पूर्ण ताकद मिळते, सपाट रस्त्यावर जवळजवळ सुट्टी मिळते. तार नाही, रिले नाही, बटण नाही. विजेच्या पंख्याकडून जे मागितलं जातं, त्यातलं बहुतेक या गड्ड्यात आहे.

आणि आपल्याकडे त्याचं काय होतं? काही वर्षांनी तेल गळतं, पंखा धरेनासा होतो, गाडी तापते. नवा क्लच महाग, म्हणून मिस्त्री त्यात आरपार बोल्ट ठोकतो किंवा वेल्डिंगचा टाका देतो. पंखा पक्का होतो. उन्हाळा निघतो. मग गाडी ऐंशीला विमानासारखी घरघरते, डिझेल जास्त पिते, आणि मालक पुन्हा दारात येतो. तेव्हा तोच मिस्त्री सांगतो की पट्ट्याचा पंखा लई ताकद खातो, करंटचा लावा. ज्या दोषासाठी पंखा बदलायचा, तो दोष बोल्ट ठोकून आपणच त्याच्यात घातलेला असतो!

पंख्याला हात लावण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत. जाळीत किडे, धूळ आणि आमच्या भागात कापसाचे तंतू अडकलेले असतात. ते इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने बाहेर काढावेत, समोरून जोराचा फवारा मारला तर आत घट्ट बसतात. रेडिएटरचं झाकण पाहावं. ०.९ बारचा दाब धरणारं झाकण पाण्याचा उकळबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेतं. त्याचा रबर गेला की पाणी शंभरलाच उकळतं, आणि लोक पंख्याला दोष देतात. बोअरचं पाणी घालू नये, त्याचे क्षार इंजिनच्या आतल्या भिंतींवर चढतात आणि उष्णता लोखंडातून पाण्यात उतरू देत नाहीत. पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहावा. सिलिकॉन फॅन असेल तर इंजिन बंद करून, गाडी चांगली तापलेली असताना, पाती हाताने फिरवावीत. दमदार अडकत फिरली तर क्लच धरतोय. सैल भिरभिरली, किंवा गड्ड्याच्या कडेला धूळ बसलेला तेलकट ओघळ दिसला, तर क्लच बदलायचा. विजेचा पंखा असलेल्या गाडीत मात्र असा हात घालू नये. काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो.